भीमगीतांचा सातबारा कोणाच्या नावावर?

एप्रिल महिना उजाडला की महाराष्ट्रातील एकही बौद्धवाडा, एकही भीमनगर वा रमाईनगर असे राहात नाही, जेथे भीमगीतांचा आवाज घुमत नाही. १४ एप्रिलला सुरू झालेली जयंती मे महिना सरेपर्यंत गावोगाव चालते. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, लग्नसराई, नव्या घराचा कार्यक्रम. गाण्यावाचून आमचे काहीच होत नाही. ज्या समाजाला प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांनी जागा दिली नाही, त्या समाजाने आपला इतिहास गाण्यात जपून ठेवला. ज्या आईला अक्षर येत नव्हते, तिला महाडचे तळे आणि नागपूरची दीक्षा गाण्यातूनच कळली. परंतु ते गाणे लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि घसा फुटेस्तोवर गाणारा माणूस जगतो कसा, हा प्रश्न आम्ही कधी विचारला काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो गेल्या पावसाळ्यात. साठी ओलांडलेले एक गायक आमच्या कार्यालयात आले. जयभीम घातला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझंच गाणं मला गाऊ देईनात." हकीकत अशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक गीत लिहिले, चाल लावली आणि स्वतः गायले. एका कॅसेट कंपनीने ते ध्वनिमुद्रित केले. तीन हजार रुपये हातावर ठेवले व इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर सही घेतली. सही मराठीत, कागद इंग्रजीत. प्रत मागितली तेव्हा 'नंतर देतो' म्हणाले. ते नंतर अजून आलेले नाही. यंदाच्या जयंतीत आजोबांनी तेच गीत मंचावर गायले, नातवाने मोबाइलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकले. चौथ्या दिवशी संदेश आला की या गाण्यावर कंपनीचा हक्क आहे, जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातील. नातू विचारू लागला, "आजोबा, हे गाणं तुमचं नव्हतंच का?"

सातबारा आपल्या नावावर नसेल तर बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीतही आपण परके ठरतो, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको. गायरानाच्या लढ्यात आम्ही ते भोगले आहे. आज गाण्यांच्या बाबतीत तेच घडत आहे आणि आम्ही मात्र टाळ्या वाजवण्यात दंग आहोत.

गिरणीने पोसलेली शाहिरी

आंबेडकरी जलसा ही काही करमणूक म्हणून जन्मलेली कला नव्हे. सत्यशोधक जलशाची परंपरा समोर होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला बाबासाहेबांच्या चळवळीचे रूप दिले. बाबासाहेब जलशाला सभा-भाषणांहून मोठे मोल देत, असे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते लिहिली आणि महाराष्ट्र पायाखाली घातला. विठ्ठल उमप यांनी भीमगीतापासून 'जांभूळ आख्याना'पर्यंत लोककलेचा विस्तार दाखवला आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमातच त्यांची प्राणज्योत मालवली.

परंतु या सुवर्णकाळाचे एक गणित आम्ही विसरतो. मुंबईतील कितीतरी जलसाकार आणि गायक दिवसा गिरणीत, गोदीत, रेल्वेत नाहीतर नगरपालिकेत राबत व रात्री गात. पोट पगारावर भरत असे; गाणे समाजाला फुकट देणे त्यांना परवडत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या गेल्या, पगार गेले. सरकारी नोकऱ्याही कंत्राटी झाल्या. आजचा तरुण गायक दिवसा रिक्षा चालवतो, सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो, नाहीतर बेकार असतो. त्याच्याकडून आम्ही मात्र अजूनही गिरणीच्या पगारावर जगणाऱ्या शाहिराचा त्याग मागतो. हा अन्याय नव्हे काय?

अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये हलाखीत गेले. रमाबाई आंबेडकर नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जीव गेले आणि त्या आघाताने चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. त्यांच्या मृत्यूची कारणे मोठी आहेत, ती केवळ पैशाची नव्हेत. पण या दोघांचेही नाव आम्ही व्यासपीठावरून घेतो, तेव्हा त्यांच्या हयातीत त्यांच्या चुलीची चौकशी किती जणांनी केली, याचेही उत्तर द्यावे लागेल.

आमचाही दोष आहे

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आम्ही स्वतःचीच साक्ष काढतो. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः ज्या जयंती मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो, त्या मंडळाने डीजेवाल्याला चाळीस हजार रुपये ठरवले आणि ते मिरवणुकीआधीच दिले, कारण पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय तो गाडी हलवत नव्हता. त्याच जयंतीत नऊ जणांच्या गायन पार्टीला अकरा हजार ठरले होते. त्यातले पाच हजार कार्यक्रमानंतर पाकिटात घालून दिले, शाल पांघरली, 'बाकीचे बघू' म्हणालो. रात्री बारा वाजता पोलिसांनी ध्वनिक्षेपक बंद केला. मंडळी मंडपातच सतरंजीवर आडवी झाली. पहाटे पार्टीतील ढोलकीवाला आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पहिली एसटी कितीला आहे?" गाडीभाडे आम्ही ठरवलेच नव्हते. ते बाकीचे सहा हजार पुढे दिले गेले की नाही, हे आम्हास आज सांगता येत नाही. हिशोबाची वही पाहण्याची तसदी आम्ही वकील असूनही घेतली नाही.

डीजे वाजवतो ती गाणीही शेवटी कोणाची? आमच्याच गायकांची. म्हणजे गाणाऱ्याचा आवाज यंत्रातून वाजला की चाळीस हजार, आणि गाणारा स्वतः आला की पाकीट! महिला गायिकांची तर याहून कठीण अवस्था. परगावी रात्री-बेरात्री कार्यक्रम, कपडे बदलायला आडोसा नाही, परतीच्या वाहनाचा पत्ता नाही. वर 'बाई चांगली गाते' म्हणून बक्षिसाच्या दहा-वीसच्या नोटा मंचावर नाचवत देणारे महाभागही आमच्यातच आहेत. हातात एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांत गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाइलमुळे साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. पण मोबाइलपर्यंत न पोहोचलेल्या अशा किती जणी आहेत?

'बाबासाहेबांच्या नावाचा धंदा' म्हणजे काय?

कलावंताने पैशाची गोष्ट काढली की लगेच म्हटले जाते, "बाबासाहेबांच्या नावाचा धंदा मांडलाय." हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे, कारण तो पूर्णपणे खोटाही नाही. महापुरुषाच्या नावाने बीभत्स ठेका लावून दोन दिवसांची प्रसिद्धी मिळवणारे आहेत. निवडणुकीत सकाळी एका पक्षाचे आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचे प्रचारगीत गाणारेही आहेत. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारल्याची हकीकत चळवळीत सर्वश्रुत आहे. आपल्या समाजातील स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की कलेचा मोबदला घ्यावा, माणसाची अप्रतिष्ठा विकू नये. गाण्याची मजुरी मागणे ही अप्रतिष्ठा नव्हे. उलट मजुरी न देता राबवून घेणे हीच अप्रतिष्ठा आहे.

महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्यामागचे कारण काय होते? वतनदार महाराच्या कामाला मर्यादा नव्हती, वेळ नव्हती. आणि मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन व दारोदारचा बलुत्याचा तुकडा. सेवा पिढ्यान्‌पिढ्या आणि मोल घासभर! आता त्या तीन हजारांच्या कागदाकडे पाहा. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी.' हे नवे वतन नव्हे तर दुसरे काय? बाबासाहेबांचे गाणे गाणारा माणूस असल्या वतनावर सही करतो, याचे दुःख आम्हास अधिक आहे.

आणखी एक गोष्ट. लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आवाज उठवला. रेडिओवर गायकाबरोबर गीतकाराचेही नाव घेतले जावे म्हणून साहिर लुधियानवी आग्रही राहिले. त्यांना कोणी धंदेवाईक म्हटले नाही. हक्कासाठी उभे राहिलेले कलावंत म्हणून गौरव केला. मग आमच्या वस्तीतला गायक तेच मागतो तेव्हा तो लोभी कसा ठरतो?

कायदा काय सांगतो?

आमच्या गायक-गीतकार बांधवांनी पुढील गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि विशेषतः २१ जून २०१२ पासून लागू झालेली त्यातील दुरुस्ती ही कलावंताच्या हातातील ढाल आहे. पण ढाल भिंतीला टांगून ठेवली तर वार चुकत नाही.

पहिली गोष्ट, एका गाण्यात एक नव्हे, अनेक हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा एक, चाल बांधणाऱ्याचा दुसरा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा तिसरा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या निर्मात्याचा चौथा. एकाच शेतात विहीर एकाची, झाडे दुसऱ्याची आणि वहिवाट तिसऱ्याची असावी तसे हे आहे. कंपनीने मुद्रित केलेल्या ध्वनीवर कंपनीचा हक्क असू शकतो. म्हणून मूळ शब्द आणि चाल आपोआप तिची होत नाही. ती तुम्ही लेखी करून दिली असेल तरच जाते.

दुसरी गोष्ट, निर्माता कोण? कायद्याच्या भाषेत जो पुढाकार घेतो व जबाबदारी उचलतो तो निर्माता. तुम्ही स्वतः स्टुडिओचे भाडे भरले, वादकांना पैसे दिले, तर त्या मुद्रणाचे मालक तुम्हीच. म्हणून स्टुडिओचे बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. वादकांकडूनही एका साध्या कागदावर मोबदला व संमती लिहून घ्या. आपल्याला हवा तो न्याय आपल्या ढोलकीवाल्यालाही द्यावाच लागेल.

तिसरी गोष्ट, हक्क देण्याचा करार लेखी व सही केलेला असलाच पाहिजे. त्यात कोणते गाणे, कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात आणि किती रॉयल्टी हे लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षेच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाण्याचे हक्क घेऊन कंपनीने वर्षभर काहीच केले नाही आणि करारात तसे वेगळे काही लिहिलेले नसेल, तर ते हक्क परत येतात.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. चित्रपटासोबत चित्रपटगृहात होणारा वापर वगळता, कागदावर 'रॉयल्टी सोडली' असे लिहिले तरी तो सोडता येत नाही. तो वारसांकडे किंवा हक्क गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडेच जाऊ शकतो. आमच्या शेतकरी बांधवांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर ही कायद्याने ठरवलेली निम्मी बटाई आहे. तसेच करार झाला तेव्हा जे माध्यम वापरात नव्हते, ते करारात स्पष्ट नमूद नसेल तर आपोआप दिले गेले असे होत नाही. कॅसेटच्या जमान्यातील जुन्या कागदांना हे कितपत लागू करायचे यावर वाद होतो. म्हणून जुना कागद असेल तर तो गुंडाळून ठेवू नका, जाणत्या वकिलाला दाखवा.

पाचवी गोष्ट, नाव. हक्क विकले तरी 'हे गीत माझे आहे' असे सांगण्याचा अधिकार गीतकाराकडे राहतोच. २०१२ पासून गायक-वादकांनाही तो मिळाला आहे. गीतकाराचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे, तर अण्णाभाऊंच्या साहित्यावरील २०२९ अखेरपर्यंत. आमचेच काही गायक वामनदादांचे गीत गातात आणि खाली 'गीत-संगीत-गायन' म्हणून स्वतःचे नाव लावतात. कंपनी आम्हाला लुटते म्हणून ओरडायचे आणि आपण दादांचे नाव पुसायचे, हे चालणार नाही.

हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु पुराव्यासाठी ती उपयोगी पडते. साहित्य वा संगीतकृतीसाठी नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये आहे. आपली रॉयल्टी एकट्याने दारोदार गोळा करता येत नाही. त्यासाठी संस्था आहेत. गीतकार-संगीतकारांची 'आयपीआरएस' १९६९ पासूनची असून २०१७ मध्ये तिची कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. गायकांची 'इस्रा' २०१३ मध्ये नोंदली गेली. पुढे तिने वादकांनाही सामावून घेतले. आमच्यापैकी किती भीमगीतकार या संस्थांचे सभासद आहेत? आम्ही ओळखतो त्या पंधरा-वीस जणांना विचारले. दोघांनीच नाव ऐकले होते.

स्वतंत्र व्हायचे म्हणजे कोणापासून?

मोबाइलने एक मोठा दरवाजा उघडला आहे. पूर्वी कॅसेट कंपनीच्या मालकाच्या पायरीवर बसावे लागे. आज गायक स्वतःची वाहिनी उघडतो, वितरकामार्फत स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर गाणे पोहोचवतो. पंजाबातील जालंधरच्या गिन्नी माही यांनी बाबासाहेब व गुरू रविदासांची गाणी गाऊन तरुणपणीच देशाबाहेर नाव मिळवले, त्यात या माध्यमाचा वाटा मोठा.

परंतु दरवाजा उघडला म्हणजे घर आपले झाले असे नाही. तामिळनाडूचा आंबेडकरी गायक-गीतकार अरिवू याचे 'एन्जॉय एन्जामी' हे गीत मार्च २०२१ मध्ये आले. चहामळ्यांत राबलेल्या आपल्या भूमिहीन आजीची कहाणी त्यात त्याने गुंफली. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली, अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांच्यासह अनेकांनी आवाज उठवल्यावर त्याला वेगळे मुखपृष्ठ मिळाले. पुढे मार्च २०२४ मध्ये त्या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर केले की गाण्यातून आपल्यापैकी कोणालाच एक पैसाही मिळालेला नाही. जे गाणे जगभर गाजले त्याची ही कथा! तेव्हा दर्शकांचा आकडा आणि घरातील पिठाचा डबा यांचा संबंध आपोआप जुळत नाही, हे आमच्या तरुणांनी पक्के ध्यानात घ्यावे.

यूट्यूबवर जाहिरातीतून पैसे सुरू होण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे (किंवा ९० दिवसांत छोट्या व्हिडिओंना एक कोटी दर्शने) अशी अट आहे. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतील ५५ टक्के वाटा निर्मात्याचा. पण गाण्याची चाल हिंदी चित्रपटातून उचललेली असेल तर तो वाटा चालीच्या मालकाकडे जाऊ शकतो. लोकप्रिय चालीवर भीमगीत बांधण्याची आमची जुनी सवय आहे; मंचावर ती खपली, यंत्र मात्र ती लगेच पकडते. ओवी, भारूड, पोवाडा, गोंधळ, जात्यावरची गाणी यांच्या पारंपरिक चाली कोणाच्या बापाच्या मालकीच्या नाहीत. त्या आमच्याच आया-बहिणींच्या आहेत. त्यांच्यावर स्वतःची नवी चाल बांधा. आणि गाणे खरोखर स्वतःचे असताना कोणी दावा केला तर घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. हरकत नोंदवता येते. दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, न दिल्यास दावा सुटतो.

वाहिनीचा पासवर्ड मात्र स्वतःकडे ठेवा. 'भाऊ, मी सगळं सांभाळतो' म्हणणाऱ्या मित्राच्या नावाने वाहिनी उघडून दोन वर्षांनी आमच्याकडे रडत आलेले दोघे तरुण आम्हास माहीत आहेत. सर्वत्र एकच नाव वापरा. प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे लिहा. कार्यक्रम घेताना साध्या कागदावर का होईना तारीख, वेळ, एकूण रक्कम, निम्मा ॲडव्हान्स, वाहन, जेवण व मुक्काम लिहून घ्या. चैत्यभूमी व दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांत गीतांच्या पुस्तिका आजही खपतात. स्वतः छापा, स्वतः विका. कंपनी आणि वाहिनी यांच्याही आधी आमच्या कलावंतांनी याच मार्गाने श्रोता जोडला होता. जयंतीच्या दोन महिन्यांवर वर्ष काढता येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांची वसतिगृहे, कर्मचारी संघटना, महिला मंडळे यांच्यापर्यंत वर्षभर पोहोचा.

आणि स्वतंत्र कलावंत म्हणजे कोणापासून स्वतंत्र? केवळ कंपनीपासून नव्हे. ज्याचे पोट पुढाऱ्याच्या पाकिटावर अवलंबून आहे, तो पुढाऱ्याविरुद्ध गाऊ शकत नाही. खैरलांजीवर गाणे लिहायचे की नाही, हे त्याला आधी विचारून ठरवावे लागते. चळवळीला भाट नको आहेत, शाहीर हवे आहेत. आणि शाहीर ताठ मानेने उभा राहायचा तर त्याच्या घरात दाणे हवेत. कलावंताच्या कमाईचा प्रश्न आम्ही चळवळीचा प्रश्न मानतो तो यासाठी.

मंडळांना आमचे आवाहन

'पे बॅक टू सोसायटी' हा शब्द आमच्या सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी असतो. त्याची सुरुवात येत्या जयंतीच्या अंदाजपत्रकापासून करू या. प्रत्येक मंडळाने पहिली रक्कम गायन पार्टीसाठी काढावी, निम्मी आधी द्यावी आणि उरलेली मंचावरून उतरण्यापूर्वी. गाडीभाडे वेगळे. फलकावर अध्यक्ष-उपाध्यक्षांची चाळीस छायाचित्रे असतात. त्यात गीतकाराचे नाव लिहायला दोन ओळींची जागा करावी. डीजेवर वाजणारे गाणे कोणाचे, हेही निवेदकाने सांगावे.

दुसरे, पावसाळ्यात गायक मोकळे असतात आणि आमच्या विहारांत वर्षावास सुरू असतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. त्या तीन महिन्यांतील एक रविवार कलावंतांच्या कायदा शिबिरासाठी द्यावा. प्रत्येक जिल्ह्यात आंबेडकरी वकील आहेत. त्यांनी काळा कोट बाजूला ठेवून सतरंजीवर बसावे, गायकांचे जुने कागद वाचून दाखवावेत, संस्थांचे अर्ज भरून द्यावेत. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, तिचे अर्जही तेथेच भरता येतील. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. कलावंतांच्या बाबतीत पहिल्याच शब्दापाशी आपले काम अडले आहे. आमच्या तालुक्यातील शिबिराची जबाबदारी आम्ही घेतो.

त्या वृद्ध गायकाचे काय झाले? आम्ही कंपनीस नोटीस दिली आहे. मूळ कराराची प्रत मागितली आहे. कंपनीने अद्याप ती दाखवलेली नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल, त्याचे खोटे आश्वासन आम्ही दिलेले नाही. फी घेण्याचा प्रश्न नव्हता. उठताना आम्ही त्यांना विचारले, "दादा, नुकसानभरपाई किती मागायची?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैशाचं तुम्ही बघा, साहेब. पण आधी एक कागद असा करून द्या की हे गाणं मी लिहिलंय. नातवाला दाखवायचाय."

तो कागद आम्ही त्याच दिवशी करून दिला. प्रतिज्ञापत्रावर गाण्याचे शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने, एकही कडवे न विसरता लिहिले. आमच्या गावोगावच्या गायकांकडे अशी किती गाणी कागदावाचून पडून आहेत? ती त्यांच्या नावावर करण्याचे काम त्यांच्या हयातीतच झाले पाहिजे. शोकसभेत शाल पांघरून ते होणार नाही.

जयभीम!